साखरचं मत

श्रावणातला दुसरा सोमवार होता, आणि साखरने दिवेलागणीपर्यंत मौन धरलं होतं.

नेमक्या त्याच दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, सरावलीच्या चाळीत तिच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हं... बोला!"

साखरचे दोन्ही हात कणकेत होते. आई, सोजराबाई, गिरणीवर गेलेली. बाहेर पाऊस असा पडत होता की जणू कोणी पन्हळीखाली घागर विसरलं आहे. त्या तरुणाच्या छत्रीतून उंबऱ्यावर पाण्याची धार लागली होती, आणि त्याचं त्याला भानच नव्हतं.

"मी चंद्रभान. आपल्या आनंद मंडळाचा चिटणीस," तो म्हणाला. "तुमच्या आबांना, खंडेरावांना, मी चांगला ओळखतो. ते तिकडे घिवलीला वीजकेंद्राच्या कामावर मिस्त्री, मी तिथेच नकाशाच्या हापिसात. नकाशे शाईनं उतरवून काढतो." आणि पुरावा म्हणून त्याने काळी झालेली दोन बोटं पुढे केली.

साखर त्याला पाहून होती. चाळीतल्या सगळ्याच मुली त्याला पाहून होत्या. कानावर पेन्सिल खोचून, लांब ढांगा टाकत तो सकाळच्या बसकडे पळायचा तेव्हा नळावरच्या निम्म्या घागरी भरून वाहायच्या. पण पाहून असणं वेगळं आणि तो असा अचानक हातभर अंतरावर येऊन उभा राहणं वेगळं. तिने मान खाली घातली आणि कणीक उगाचच जोराने मळली.

"रविवारी मुंबईला नाटकाला जायचंय ना? मला सोडून एकेचाळीस माणसं नक्की झाली. नाटक मात्र नक्की होत नाही. यंदा बायकांनाही मत द्यायचं असं ठरलंय, आणि बायका मंडळाच्या ओट्यावर येत नाहीत, म्हणून मी घरोघर फिरतोय." त्याने मेणकापडातून दोन जाहिराती काढल्या आणि दोन हातांत धरल्या. "हे एक, 'वैकुंठीचा पाहुणा'. भक्तिरसाचं. आणि हे 'संगीत चांदणवेल'. यात राजकन्या स्वतःचा नवरा स्वतः निवडते, आणि म्हणे चौदा पदं आहेत. सांगा... कोणतं?"

साखरने ओठ मिटून देव्हाऱ्यातल्या महादेवाकडे मान वळवली.

"अच्छा... मौन!" त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे आज मी काहीही बोललो तरी तुम्ही भांडणार नाही?"

तिने नुसते डोळे वर केले. तो एक पाऊल मागे सरला — थेट पन्हळीच्या धारेखाली.

हसू आवरून साखरने कणकेनं माखलेलं बोट पुढे केलं आणि 'चांदणवेल'वर ठेवलं. दाबून ठेवलं. कागद थोडा त्याच्याकडे सरकला.

"समजलं," चंद्रभान म्हणाला. "हे नको."

साखरने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

"नकोच ना? मला वाटलंच होतं. सोमवार करणारी, मौन धरणारी मुलगी — तुम्हांला हे कसं रुचेल?" आणि त्याने कानावरची पेन्सिल काढून चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा: साखर खंडेराव — वैकुंठीचा पाहुणा.

ती उठली. मान हलवली, हात हलवले, कणकेचा एक गोळा जमिनीवर पडला. ती जितकी 'नाही' म्हणत होती तितका तो समजूतदारपणे 'हो, हो' करत होता.

"काळजी करू नका. तुमचं मत बरोबर लिहिलंय," असं म्हणून, छत्री उघडून, तो पावसात चालता झाला.

एक शब्द. एकच शब्द बोलायचा होता. पण महादेवाला दिलेला शब्द एका नाटकासाठी मोडायचा का? साखर दारात उभी राहिली. हातातली कणीक वाळू लागली.

व्रत तिने कोणाला दाखवायला धरलं नव्हतं. मौनात मन निवळतं, दिवसभराचं फुकटचं बोलणं गळून पडतं, संध्याकाळी 'नमः शिवाय' म्हणताना शब्द कसा धुऊन काढल्यासारखा वाटतो... म्हणून ती करत होती. त्यात या चिटणीसाने आपली पेन्सिल खुपसली होती!

आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. आदल्याच रात्री जेवताना सिन्नरहून आलेलं पत्र आबांनी वाचून दाखवलं होतं. मुलाचा किराणा धंदा, घरची बागायत, दिवाळीनंतर बघायला येतो म्हणतात. सोजराबाईने विचारलं, "साखरला विचारायचं ना?" तर आबा म्हणाले, "तिला काय विचारायचं? गरीब गाय आहे ती. ती का नाही म्हणणार आहे?" साखर तिथेच बसली होती. ताटापासून दोन हातांवर! तिचं तोंड तेव्हा मिटलेलं नव्हतं, नुसतं भातानं भरलेलं होतं.

दिवेलागण झाली. एरवी तिचा पहिला शब्द देवाचा असे. त्या दिवशी दिवा लावता लावता तिच्या तोंडून निघालं, "मेला!" मग तिने कान पकडले, महादेवाची क्षमा मागितली, आणि दोन चाळी ओलांडून मंडळाच्या ओट्यावर गेली. ओट्यामागच्या खोलीला कुलूप. चिटणीस चिठ्ठ्या मोजून निकाल लावून पालघरला नातेवाइकांकडे गेले होते.

सकाळी नळावर रखमाबाईने तिला गाठलं. रखमाबाई शेजारची, आवाज असा की कुंभवलीपर्यंत जावा.

"ये गं बाई, ये! एकवीस विरुद्ध वीस! एका मताने आपण वैकुंठाला निघालो. आणि ते मत कोणाचं? तुझं! अगं, वर्षातून एकदा मुंबई बघायची, त्यात टाळच ऐकायचे होते तर इथल्या मारुतीच्या देवळात काय कमी आहेत?"

"मी ते मत दिलेलं नाही, रखमाकाकू."

"चिठ्ठीवर तुझं नाव आहे की!"

"नाव माझं आहे," साखर म्हणाली. राग आला की तिचा आवाज चढत नसे, आणखी खाली उतरे. "मत माझं नाही."

रखमाबाईने घागर खाली ठेवली. इतक्या वर्षांत या मुलीला चिडलेली तिने पहिल्यांदा पाहिली होती.

चंद्रभान तिला संध्याकाळी बोईसरच्या बाजारात सापडला. पावसाने उघडीप दिली होती. ताडपत्र्यांवरून थेंब ठिबकत होते, आणि घिवलीची नवसी कोळीण सुक्या बोंबलांची टोपली पुढ्यात घेऊन श्रावणाला मनातल्या मनात शिव्या देत बसली होती, कारण अर्ध्या बाजाराने मासे सोडले होते. तिच्या शेजारीच भाजीवाल्यापाशी चंद्रभान भेंड्या निवडत होता.

"भेंड्या स्वतः निवडता?" साखर त्याच्या मागे उभी राहून म्हणाली.

तो दचकून वळला. आणि तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकून जरा... हसला. "म्हणजे? भेंड्या निवडूनच घ्याव्या लागतात."

"का? भाजीवाल्याने त्याच्या मनाने घातल्या तर?"

"अहो, निबर घालेल तो!"

"मग माझं नाटक तुम्ही तुमच्या मनाने का निवडलंत?"

चंद्रभानच्या हातातल्या दोन भेंड्या खाली पडल्या.

"पण तुम्हीच तर... तुम्ही तो कागद लोटलात ना?"

"बोट ठेवलं होतं मी! हवं म्हणून. मान हलवली, हात हलवले. आणखी काय करायला हवं होतं, नाचायला?"

"मला वाटलं..." तो चाचरला. "उपासतापास करणारी मुलगी, तिला प्रेमाबिमाचं नाटक..."

"तुम्हांला वाटलं! उपास करणाऱ्याला हसू येत नाही असं कोणत्या पोथीत लिहिलंय? गाणं ऐकलं की माझा सोमवार बाटतो?"

"अगदी खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "चिटणीसाला मत नसतं. असतं तर मीही 'चांदणवेल'च म्हटलं असतं."

"वा! म्हणजे स्वतःला हवं ते नाटकही तुम्ही स्वतःच्याच पेन्सिलीने पाडलंत."

त्याला हसू फुटलं. तिला फुटलं नाही. त्याने घाईने तोंड मिटलं.

"काय गो बाय," नवसी मध्येच म्हणाली. "सरावन हाय म्हनून बोंबील घेत नाय ता ठीक. पन यो पोऱ्या तुजा कोन हाय?"

"कोणी नाही!" साखर म्हणाली.

"कोन नाय नि येवढा भांडतंस? मंग कोन झाला म्हंजे काय करशील गो?"

चंद्रभान कानापर्यंत लाल झाला. साखरही झाली असावी, पण तिने ते रागाच्या नावावर घातलं.

"निकाल बदला," ती म्हणाली.

"कसा बदलू? त्यावर अध्यक्षांची, रामकिसनमामांची सही झाली. परवा सकाळच्या गाडीने आपल्या मंडळाचा पंढरी तिकिटं काढायला जातोय. आता सांगायचं म्हणजे उद्याच्या बैठकीत सगळ्यांपुढे मला उभं राहावं लागेल... मामा चिटणीसपण काढून घेतील." तो थांबला. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू या का... पुढच्या महिन्यात मी तुम्हांला 'चांदणवेल' दाखवतो. दोन तिकिटं काढतो. तुमच्या आईलाही घ्या हवं तर. तीन काढतो!"

एरवी कदाचित हे ऐकायला गोड लागलं असतं. पण साखरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं.

"मला नाटक नकोय," ती म्हणाली. "मला माझं मत हवंय. आज चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंत. उद्या सिन्नरच्या पत्रावर आबा लिहितील — साखरची पसंती आहे. तिथेही माझं नुसतं नाव असेल. आणि मग मी कुठे निकाल बदलायला जाऊ?"

तो काही बोलायच्या आत ती वळून निघून गेली. चंद्रभान तिथेच उभा. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, "बाबूजी, भिंडी लेंगे?"

"घेऊन टाक रं," नवसी म्हणाली. "निबर असली तरी कळनार नाय तुला. तुजी भूक मेली हाय आता."

बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर बैठक भरली. कंदिलाभोवती पावसाळी किडे घोंगावत होते. रामकिसनमामा कपाळाला गंध लावून मधोमध बसले होते. ते सामानाच्या कोठारावर कारकून, आणि 'वैकुंठीचा पाहुणा' त्यांच्याच पसंतीचं. पुरुषमंडळी विड्या ओढत होती. तेवढ्यात साखर आईला घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढली. मागोमाग रखमाबाई, आणि तिच्या मागे आणखी सहा-सात बायका. विड्या विझल्या. खंडेराव कोपऱ्यात बसले होते, ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"काय गं पोरी?" रामकिसनमामा म्हणाले.

"माझं मत चुकीचं लिहिलं गेलंय. मला 'चांदणवेल' पाहायचं आहे."

"तुला?" मामा हसले, अगदी मायेनं हसले. तेच तिला जास्त झोंबलं. "अगं, तू सोमवार करतेस, एकादशी करतेस. चाळीत आम्ही तुझं उदाहरण देतो! तुला कशाला हवं ते असलं?"

साखरचा आवाज इतका खाली होता की पुढच्यांना वाकून ऐकावं लागलं. मागच्यांनी एकमेकांना गप्प केलं.

"मामा, मी सोमवार देवासाठी करते, उदाहरणासाठी नाही. देवाचं नाव मला रोज घरी घेता येतं, त्याला मुंबईचं तिकीट लागत नाही. पण एवढा मोठा पडदा, पेटीवरचं गाणं, चारशे माणसांनी एकदम हसणं... ते मी एकदाही पाहिलेलं नाही. देवानं मला ते बघू नको असं कधी म्हटलं नाही. मग तुम्ही कोण म्हणणार? भक्तीचं नाटक वाईट नाही. माझ्या नावावर ते दुसऱ्याने निवडणं वाईट आहे."

मामांनी मान चंद्रभानकडे वळवली.

"चिटणीस," रामकिसनमामांनी आवाज कडक केला. "खरं काय?"

चंद्रभान उठला. त्याने साखरकडे पाहिलं नाही, आणि तिला ते बरं वाटलं. पाहिलं असतं तर तो तिच्यासाठी बोलतोय असं झालं असतं.

"त्या मौनात होत्या. त्यांनी बोट ठेवून 'चांदणवेल' सांगितलं, मी उलट समजलो. मौन सुटेपर्यंत थांबायला हवं होतं. थांबलो नाही, आपल्याच मनाने लिहिलं. ही एक चूक. काल त्यांनी मला हे सांगितलं, तरी चिटणीसपण जाईल म्हणून मी गप्प बसायला बघत होतो. ही दुसरी, आणि ती मोठी."

"मग जाईलच चिटणीसपण!" मामा गरजले. कारण त्यांचं नाटकही हातचं जात होतं. "आणि रविवारी तू यायचं नाहीस. तुझी जागा चाळ नंबर तीनच्या चिमीला."

"बरं," चंद्रभान म्हणाला आणि चिठ्ठ्यांची पेटी त्यांच्यापुढे ठेवून खाली उतरला.

एकवीस विरुद्ध वीस. रखमाबाईने अशी टाळी वाजवली की किडेसुद्धा कंदिलापासून दूर उडाले.

घरी परतताना आबा छत्री धरून पुढे चालत होते. बराच वेळ त्यांच्या वहाणांचा चिखलातला पचपच आवाज येत राहिला. मग ते थांबले.

"त्या सिन्नरवाल्यांना... काय लिहू?"

साखर दोन पावलं पुढे जाऊन त्यांच्या छत्रीखाली आली. "नाही म्हणून लिहा, आबा."

आबा आणखी दहा पावलं गेले. "सांगितलं असतंस तर आधीच..." ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं. "नाही... मीच विचारलं नाही."

रविवार उजाडला आणि मावळला. पुढच्या मंगळवारी साखर आबांचं पत्र टाकायला बोईसरच्या टपालकचेरीत गेली. पत्र लाल पेटीत पडलं. ती वळली, तर पायरीवर चंद्रभान, घरच्यांना निफाडला लिहिलेलं कार्ड हातात घेऊन. भुरभुर पाऊस चालू होता. दोघांनाही पायरी उतरायची घाई नव्हती.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"अहो, 'चांदणवेल'!"

"पहिले दोन अंक फार छान," साखर म्हणाली. "गाणी तर... पेटी वाजायला लागली आणि माझ्या अंगावर काटाच आला. एक पद लोकांनी तीनदा पुन्हा म्हणायला लावलं. आणि तिसऱ्या अंकात माझं डोकं फिरलं!"

"का?"

"का म्हणजे? तो राजपुत्र तिच्या नावाने खोटा निरोप धाडतो. तिचं अख्खं स्वयंवर मोडतो. आणि शेवटी येतो, फुलं उधळतो, आणि ही बया गायला लागते! त्याने एकदाही 'चुकलो' म्हटलं नाही हो. एकदाही! मी रखमाकाकूंना म्हटलं, हिने आधी त्याला उभं करून विचारायला नको? तर सगळे मागे वळून मला 'शूऽऽ' करायला लागले."

चंद्रभान हसत होता. छत्री मिटलेलीच, पाऊस अंगावर.

"मी तर म्हटलं," तो म्हणाला. "चारचौघांत म्हटलं."

"म्हटलंत." ती थांबली. "तेच तर... तिसऱ्या अंकात सारखं तेच डोक्यात येत होतं. तिकडे राजपुत्र गातोय आणि मी आपली... आणि जागा चिमीला देऊन टाकली त्या मामांनी! तिला तर पहिल्या घंटेलाच झोप लागली. चूक कबूल करणाऱ्याला घरी बसवायचं, हा कुठला न्याय? मी जाऊन सांगणार आहे त्यांना."

"माझ्यासाठी भांडणार?"

"न्यायासाठी," ती घाईने म्हणाली. आणि पदर सारखा केला, जो सारखाच होता.

पावसाने जोर धरला. दोघं पागोळ्यांच्या आत, भिंतीला लागून उभे राहिले. कसा कोण जाणे, मघाचा सगळा राग तिला आता हातात धरता येईना, ओल्या मिठासारखा सुटत चालला.

"साखर," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "माझे वडील या महिन्यात येणार आहेत. तुमच्या आबांकडे त्यांना पाठवावं असं माझ्या मनात आहे. पण त्याआधी... तसं लिहिलेलं हे कार्ड अजून टाकलेलं नाही. तुम्हांला विचारल्याशिवाय टाकणार नाही. पाठवू?"

ती गप्प राहिली. एक क्षण... दोन...

त्याने श्वास रोखला होता. पण 'गप्प म्हणजे हो' असं तो म्हणाला नाही. 'नाही' असंही धरून चालला नाही. नुसता थांबला. पागोळ्या मोजल्यासारखा थांबला. आणि हे थांबणंच तिला एवढं आवडलं, की ती मुद्दाम आणखी थोडी गप्प राहिली.

"मी उपास सोडणार नाही," मग ती म्हणाली.

"नका सोडू."

"आणि उपास करते म्हणून मला कोणी देव्हाऱ्यात बसवायचं नाही. मला जोरात हसू येतं."

"ऐकायचंय मला."

"आणि वर्षातून दोनदा तरी नाटक."

"चारदा!" तो म्हणाला. "पुढचं कोणतं पाहायचं?"

साखरने त्याच्या हातातलं कार्ड अलगद काढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लाल पेटीत टाकलं.

"ते मला त्या वेळी विचारायचं," ती म्हणाली.